मार्गदर्शन नको, हजेरी द्या

३१ मे हा महाराष्ट्रात घाऊक निरोपसमारंभांचा दिवस. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ज्यांची जन्मतारीख अंदाजाने १ जून टाकली, ती सगळी माणसं अठ्ठावन्न पुरी करून एकाच संध्याकाळी सरकारी नोकरीतून बाहेर पडतात. एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियमच आहे. तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, परिचारिका, अव्वल कारकून, हवालदार. शाल, श्रीफळ, सहकुटुंब फोटो. आणि सत्काराला उत्तर देताना हमखास येणारं एक वाक्य: ‘उरलेला वेळ आता समाजासाठी.’

आज त्या वाक्याचा हिशेब मागायचा आहे.

बोलणारा खोटं बोलत नसतो. आवाज भरून आलेला असतो, आणि त्या घडीला तो मनापासूनच बोलतो. पण पंधरा दिवसांनी त्याला विचारा, समाज म्हणजे नेमका कोण? कुठल्या गल्लीतला? कोणत्या वारी, किती वाजता? उत्तर येत नाही. त्याने ठरवलेलं नसतं आणि त्याला कुणी विचारलेलंही नसतं. गणपतीपर्यंत ते वाक्य विरलेलं असतं.

नुकसान मोठं आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे सुमारे १ कोटी ११ लाख लोक होते. आज त्याहून बरेच जास्त आहेत. साठीला पोचलेला माणूस सरासरी आणखी सतरा-अठरा वर्षं जगतो. त्यातली पहिली दहा वर्षं बहुतेकांचे हातपाय, डोळे आणि डोकं ठाकठीक असतं. ही वर्षं सकाळच्या फेरफटक्यात, दुपारच्या झोपेत आणि संध्याकाळच्या बाकावरच्या राजकारणात संपतात. फेरफटका हवाच, झोपही हवी. पण आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास त्यात बसत नाहीत.

निवृत्त माणसाच्या समाजसेवेचा आपल्याकडे एक मळलेला रस्ता आहे. सोसायटीचा सचिव, देवस्थानचा विश्वस्त, वाचनालयाचा उपाध्यक्ष, ज्ञातिसंस्थेचा सल्लागार. दहावीच्या गुणवंतांच्या सत्काराला पाहुणा. १ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, स्वतःच सत्कारमूर्ती. या सगळ्यात खुर्ची आहे, माइक आहे, हार आहे. ज्याला मदत हवी तो माणूस मात्र समोर फारसा येतच नाही. वाचनालय कुणीतरी चालवायला हवं हे मान्य. पण या पदांना माणसं मिळतात, निवडणूक लढवून मिळतात. ज्या कामाला माणूस मिळत नाही, तिथे जाऊन उभं राहणं याला मी सेवा म्हणतो.

अशी दोन-तीन ठिकाणं सांगतो.

पहिलं ठिकाण, गावातल्या किंवा वॉर्डातल्या शाळेचा तिसरीचा वर्ग. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीची फक्त २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. कोरोनात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२मध्ये, हाच आकडा १६.३ होता. म्हणजे सुधारणा झाली, आणि ती शिक्षकांनी केली, हे आधी कबूल करू. तरी चारातली तीन मुलं मागेच आहेत. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने जुलै २०२१मध्ये शब्द दिला की २०२६-२७पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता येईल. मुदत दाराशी आली आहे.

शिक्षक काय करतात, असं विचारू नका. दोन-दोन इयत्ता एका खोलीत, आणि मोबाइलवर ‘आजच माहिती सादर करा’ असे संदेश. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने शिक्षकाकडे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं ठेवली. खरी यादी किती लांब आहे, ते ओळखीच्या कुठल्याही शिक्षकाला विचारून बघा. मागे राहिलेल्या सहा मुलांना घेऊन शांतपणे बसायला त्याच्याकडे तास उरत नाही. तो तास तुमच्याकडे आहे.

काम अवघड नाही. मूल अक्षर ओळखतं का, शब्द वाचतं का, परिच्छेद वाचतं का, गोष्ट वाचतं का? जिथे अडलं तिथून सुरुवात, इयत्ता विसरून. मुंबईत नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने हीच पद्धत देशभर नेली. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी तिचे जे अभ्यास केले, ते त्यांना २०१९चं नोबेल मिळवून देणाऱ्या कामाचा भाग होते. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावातल्याच साध्या स्वयंसेवकांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण देऊन वाचनवर्ग घेतले. जी मुलं त्या वर्गांना आली, त्यांचं वाचन सुधारलं. स्वयंसेवकांना बी.एड. लागलं नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही सांगायला हवी: वर्गांना येणारी मुलं गावातल्या एकूण मुलांच्या मानाने फार थोडी होती. वर्ग गावात होते, शाळेच्या वेळेबाहेर होते. म्हणून मी शाळेच्या वेळेत, शाळेच्या व्हरांड्यात बसा म्हणतो. मूल तिथे आलेलंच असतं.

आता अट. ती निवृत्त शिक्षकांना आणि अधिकाऱ्यांना सर्वांत जड जाईल. वर्गावरच्या बाई तुमच्या मुलीच्या वयाच्या असतील. वर्ग त्यांचा आहे. कोणती मुलं, कोणता तास, कोणतं पुस्तक हे त्या सांगतील आणि तुम्ही ऐकाल. ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द फाटकाबाहेर ठेवायचे. मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेत शिक्षणाच्या ऱ्हासावर बोलायचं नाही. मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणेल, म्हणू द्या. मेळघाटात कोरकू, तांड्यावर गोरमाटी, धडगावात पावरी बोलणारं मूल तुमच्या प्रमाण मराठीपर्यंत पोचताना अर्धा डोंगर आधीच चढून आलेलं असतं. त्याचं वाचन मध्येच तोडून ‘ण’ घोटून घेतलात, तर ते उद्या येणार नाही.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये ‘एक्सपिरियन्स कोअर’ नावाचा उपक्रम याच कल्पनेवर उभा राहिला. साठीपुढचे स्वयंसेवक, बालवर्ग ते तिसरीची मुलं, शाळेचं पूर्ण वर्ष, आणि आठवड्याला किमान पंधरा तास. आधी प्रशिक्षण, खर्चापुरते थोडे पैसे, एकाच शाळेत अनेक ज्येष्ठांची तुकडी. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी मुलांबरोबर या आजी-आजोबांचाही अभ्यास केला. पंधरा तास ऐकून आपल्याकडे कुणी दचकेल, म्हणून मी चार मागतो. मंगळवार आणि गुरुवार, दोन-दोन तास. पण वर्षभर. दिवाळीपर्यंत उत्साह आणि नंतर नातेवाइकांची लग्नं, असं चालणार नाही. ज्या मुलाला आई-वडील नीट भेटत नाहीत, त्याच्यापुढे आणखी एका मोठ्या माणसाने येऊन नाहीसं होऊ नये.

आणि हे मूल कुठे जास्त भेटेल, तेही सांगतो. बीड, अहिल्यानगरच्या कित्येक गावांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीची कुटुंबं निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं. त्यांच्यासाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, म्हणजे मुख्यतः दोन वेळचं जेवण मिळतं. संध्याकाळी सात ते आठ त्या मुलांजवळ कोण बसतं? गावातला निवृत्त एसटी वाहक, निवृत्त पोस्टमन, पतपेढीतून रिटायर झालेला शिपाई, कुणीही बसू शकतो. गोष्टीचं पुस्तक आणि दिवा एवढंच लागतं. मुंबई-पुण्यातून त्यासाठी तज्ज्ञ यायची गरज नाही.

शाळेत जाणार असाल तर चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला जाईल. राग येऊ देऊ नका. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर जो लैंगिक अत्याचार झाला, त्यानंतर शाळेत येणाऱ्या प्रत्येकाची पडताळणी झालीच पाहिजे. तुम्ही निवृत्त उपजिल्हाधिकारी असलात तरी. ‘माझ्यावर संशय?’ असं म्हणणारा माणूस शाळेच्या कामाचा नाही. बंद खोलीत बसायचं नाही, व्हरांड्यात बसायचं, चारचौघांना दिसेल असं. मूल एकटं घ्यायचं नाही, गटात घ्यायचं. खाऊ वाटायचा नाही. मुलाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. हे सगळं पहिल्या दिवशीच मुख्याध्यापकांनी कागदावर द्यावं आणि तुम्ही त्यावर सही करावी.

एक गोष्ट याच्याशी गल्लत करू नये. जुलै २०२३मध्ये राज्य सरकारने जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना वीस हजार मानधनावर घ्यायचा निर्णय काढला; वयाची अट सत्तर. तेव्हा डी.एड., बी.एड. करून भरतीची वाट बघणारी मुलं संतापली. बरोबरच संतापली. तरुणाची जागा अडवून केलेल्या कामाला कुणी सेवा म्हणू नये. शिक्षकाचं पद शिक्षकालाच मिळालं पाहिजे, पूर्ण पगारावर. व्हरांड्यातला एक तास हे पद नाही आणि ते पदाच्या जागी वापरू देऊ नका. ‘आजोबा येतातच, मग शिक्षक कशाला?’ असं वर कुणी म्हणालं, तर पहिला विरोध आजोबांनी करावा.

दुसरं ठिकाण तहसील कचेरीच्या बाहेर आहे. इथे मी जरा थांबणार आहे, कारण या जागेबद्दल कुणी बोलत नाही.

नवरा गेलेली बाई संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करायला येते. महिना दीड हजार रुपये मिळणार असतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवं, म्हणजे दिवसाला सत्तावन्न रुपये. तिला उत्पन्नाचा दाखला हवा, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा हवा, पतीच्या मृत्यूचा दाखला हवा, आधार जोडलेलं बँकखातं हवं. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत व्हायला हवी, हे तिला रडण्याच्या दिवसांत कुणी सांगितलेलं नसतं. वर्ष उलटलं की नोंदीसाठी वरच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो. आधारवर नाव माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच. अर्ज परत येतो. कारण एका शब्दात: ‘त्रुटी’. कोणती त्रुटी, कशी भरायची, कुठे जायचं, हे त्यावर नसतं. ती दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून पुन्हा येते. खिडकीशी म्हणते, ‘भाऊसाहेब, काय कमी हाय ते लिहून तरी द्या.’ खिडकीतला माणूस वाईट नसतो. त्याच्यापुढे साठ माणसं उभी असतात. मग बाहेरचा एजंट भेटतो. तो त्रुटी भरून देतो आणि पहिल्या दोन-तीन हप्त्यांचा वायदा घेतो.

ही त्रुटी कशी भरायची हे महाराष्ट्रात सर्वांत चांगलं कुणाला माहीत आहे? ३१ मेला निवृत्त झालेल्या अव्वल कारकुनाला. तीस वर्षं त्याने हेच कागद तपासले. कोणता दाखला आधी काढायचा, कोणत्या टेबलावर प्रकरण अडतं, नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र कसं लिहायचं, हे त्याला झोपेतही सांगता येईल. निरोपाच्या दिवशी हे ज्ञान शालीत गुंडाळून तो घरी घेऊन जातो आणि ते कुणाच्याही उपयोगी पडत नाही. तीस वर्षं ज्यांनी त्रुटी काढल्या, त्यांनी आता आठवड्यातला एक दिवस त्रुटी भरून द्याव्यात. बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी खेड्यातली माणसं तालुक्याला येतातच. कचेरीच्या आवारात टेबल टाकायला परवानगी मागावी, नाही मिळाली तर समोरच्या देवळाच्या ओट्यावर बसावं. एक पैसा घेऊ नये. साहेबांना फोन करून प्रकरण पुढे सरकवूही नये, कारण वशिल्याने एकीचं काम झालं की मागच्या दहा जणी मागे पडतात. अर्ज पुरा करून द्यायचा, पोच घ्यायला लावायची, पोचेवरची तारीख वाचून दाखवायची. राज्यात २०१५पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा किती दिवसांत मिळायला हवी हे ठरलेलं आहे आणि नाही मिळाली तर अपील करता येतं. हे त्या बाईला तिच्या भाषेत सांगायचं.

पहिल्या दिवशी लोकांना शंका येईल. फुकट करतोय म्हणजे काहीतरी असेल, असं वाटेल. जुने सहकारी खिडकीतून बघतील. एखादा एजंट दमही देईल. म्हणून एकट्याने बसू नका, दोघं-तिघं बसा, ज्येष्ठ नागरिक संघाचा फलक लावा. संघांच्या बैठकांत वाढदिवस साजरे होतात, सहली ठरतात, आरोग्य शिबिरं होतात. त्यांनी वर्षभर एवढं एक टेबल चालवलं तर तालुक्यात संघाचं नाव वेगळ्या कारणाने घेतलं जाईल. बँकेतून निवृत्त झालेल्यांसाठीही तिथे जागा आहे. वारसाच्या नावावर रक्कम काढणं, केवायसी, बंद पडलेलं खातं सुरू करणं, नोव्हेंबरात पेन्शनरांचा हयातीचा दाखला. बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून परत पाठवलेल्या म्हातारीचं पुढे काय करायचं, हे बँकवाल्याला कळतं, तिला नाही.

तिसरं ठिकाण घराचं आहे, खाटेवर पडलेल्या माणसाचं. यात केरळने वाट दाखवली. मलप्पुरम जिल्ह्यात २००१च्या सुमारास उभ्या राहिलेल्या शेजारगटांनी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची काळजी डॉक्टरांच्या बरोबरीने आपल्याकडे घेतली. अट एकच: आठवड्याला किमान दोन तास देणार का? दुकानदार आले, शेतकरी आले, विद्यार्थी आले, निवृत्त आले. डॉक्टर आणि परिचारिका औषधाचं बघत. हे लोक घरी जात, बसत, घरात तांदूळ आहे का ते बघत, रुग्णाची बायको कधीपासून झोपली नाही ते विचारत. २००८मध्ये केरळ सरकारने उपशामक उपचारांचं धोरणच केलं. आपल्याकडे निवृत्त परिचारिका आणि आरोग्यसेविका गावोगाव आहेत. पाठीला जखम होऊ नये म्हणून रुग्णाला कूस कशी बदलायची, हे त्यांनी शेजारच्या चार बायकांना आणि, मी मुद्दाम म्हणतो, चार पुरुषांना शिकवलं तरी कितीतरी माणसांचे शेवटचे महिने सुसह्य होतील. खाटेवरच्या माणसाला बातम्या वाचून दाखवणं हे काम तर कुणालाही जमेल. त्यासाठी प्रशिक्षण नको, वेळेवर जाणं हवं.

आता ज्यांच्याकडे मी हे मागू शकत नाही त्यांच्याबद्दल.

निवृत्त म्हणजे पेन्शनवाला, हे अर्धसत्य आहे. कारखान्यातून, गिरणीतून, एसटीतून, सहकारी संस्थांतून बाहेर पडलेल्या लाखोंना ईपीएस-९५चं निवृत्तिवेतन मिळतं. त्याची किमान रक्कम २०१४पासून महिना एक हजार रुपये आहे. अशा माणसाला ‘समाजासाठी फुकट वेळ द्या’ म्हणणं हा अन्याय आहे. तो पासष्टीला रात्रपाळीचा वॉचमन आहे. त्याच्याकडून काम हवं असेल तर मानधन द्या, बाल्टिमोरमध्येही देत होते. प्रवासाचं तर सगळ्यांनाच द्या. एसटीत पंचाहत्तरीपुढे फुकट, पासष्टीपुढे अर्ध तिकीट, बायकांना मार्च २०२३पासून अर्ध तिकीट. पण अठ्ठावन्न ते पासष्ट या वयातल्या, सर्वांत धडधाकट पुरुषाला काहीच नाही. शाळेत किंवा रुग्णालयात नोंद झालेल्या स्वयंसेवकाला पास द्या. एसटी बुडणार नाही.

आणि आज्या. नोकरीतून निवृत्त झालेली बाई घरातून निवृत्त होत नाही. बत्तीस वर्षं शिकवून आलेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सुनेचा डबा आणि नातवाची रिक्षा बघायला उभी असते. मुलगी न्यू जर्सीत बाळंत होणार असेल तर सहा महिने तिकडे, परत आली की मुलाकडे. नातवंडं सांभाळणं तिला आवडतं, यात शंका नाही. पण तिला विचारलं गेलं होतं का? तिच्या मनात शाळेत जाऊन बसायचं असेल, अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची असतील, भजनी मंडळात जायचं असेल. घरातल्या कमावत्यांनी आठवड्याच्या दोन दुपारी तिला मोकळ्या करून द्याव्यात, पाळणाघराचे पैसे भरून द्याव्यात. आईच्या वेळाला किंमत नाही असं धरून चाललेले संसार या राज्यात फार आहेत.

संस्थांना आणि सरकारलाही बोलायचं आहे. निवृत्त माणूस स्वतःहून दारात आला तर त्याचं काय करायचं हे बहुतेकांना कळत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, ‘सर, २६ जानेवारीला या, दोन शब्द बोला.’ रुग्णालय म्हणतं, ‘फळं वाटायची आहेत का?’ संस्था म्हणते, ‘आमच्या सल्लागार मंडळावर या.’ कुणी असं सांगत नाही की बुधवारी दहा वाजता या, केसपेपर काढायच्या रांगेत गोंधळलेल्या माणसांना क्ष-किरण विभाग कुठे आहे ते दाखवा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या टेबलापर्यंत पोचवा. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१मध्ये ‘विद्यांजली’ हे पोर्टल सुरू केलं. शाळेने गरज नोंदवायची, स्वयंसेवकाने नाव नोंदवायचं. योजना चांगली आहे. पण बासष्टीच्या माणसाला संगणकावरच्या नोंदणीने कामाला जुंपता येत नाही. त्याला शाळेतल्या कुणीतरी फोन करून वार आणि वेळ सांगावी लागते, पहिल्या दिवशी दारात उभं राहून आत न्यावं लागतं, आणि तो दोनदा आला नाही तर ‘काका, बरं आहे ना?’ असं विचारावं लागतं. हे करायला तालुक्याला एक पगारी माणूस ठेवा. स्वयंसेवकांचा कारभार फुकटात चालत नाही. चालवायला गेलं की तो वर्षभरात बंद पडतो आणि मग ‘आपल्याकडे लोकांना सेवेची आवडच नाही’ असा निष्कर्ष निघतो.

स्वयंसेवकाला ‘नको’ म्हणायचंही धैर्य संस्थांनी दाखवावं. जो मुलांवर ओरडतो, जो बाईंना सगळ्यांदेखत सुधारतो, जो निराधार बाईला आधी जात विचारतो, त्याला वयाकडे बघून ठेवून घेऊ नका. चार गोड शब्दांत घरी पाठवा.

सुरुवात कुणी करायची, हा वाद नको. मुख्याध्यापकांनी करावी. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. पहिल्या आठवड्यात बाईंनी तिसरीची चाचणी घ्यावी आणि फाटकावर, ग्रामपंचायतीत, दूध डेअरीवर आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर एक कागद लावावा. मजकूर असा ठेवला तर पुरे:

‘तिसरीच्या सहा मुलांजवळ वाचायला बसण्यासाठी माणूस हवा. मंगळवार व गुरुवार, सकाळी ११ ते १. जुलै ते एप्रिल. जाण्या-येण्याचा खर्च मिळेल. आधार कार्ड व चारित्र्य पडताळणीचा अर्ज सोबत आणावा. वर्गशिक्षिका सांगतील तसं काम करावं लागेल. हजेरीपटावर सही आवश्यक. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवावं.’